मेंदूच्या रक्तप्रवाहाचा न्यूक्लिअर स्कॅन: विदर्भातल्या गावांतून येणारे पेशंट आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

एमआरआय झाला आहे, त्यात काही निघाले नाही. मग हा आणखी एक फोटो कशाला?

एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो: कुठे गाठ, कुठे सुकलेला भाग, कुठे जुना लकव्याचा डाग. न्यूक्लिअर स्कॅन वेगळी गोष्ट दाखवतो, ती म्हणजे मेंदूच्या कोणत्या भागाकडे किती रक्त जात आहे. शेताचे उदाहरण घ्या. बांध, सऱ्या, पाट सगळे जागेवर आहे हे वरून पाहून कळते, पण कोणत्या सरीला पाणी पोचले आणि कोणती कोरडी राहिली, हे पाण्यात रंग सोडल्याशिवाय कळत नाही. सुईतून देतात ते औषध म्हणजे हा रंग.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी १५ टक्के त्याला लागते. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सरासरी ५० मिलिलिटर रक्त मिळते. वरच्या करड्या थराला जास्त, आतल्या पांढऱ्या भागाला बरेच कमी. पेशी कमी काम करू लागल्या की त्यांची रक्ताची मागणीही कमी होते. म्हणून विसराळूपणाच्या आजारात किंवा मिरगीत एमआरआय स्वच्छ असूनही या स्कॅनमध्ये फरक दिसू शकतो.

सुईतले औषध नेमके काय असते?

टेक्नेशियम-९९एम नावाचा किरणोत्सारी पदार्थ, आणि त्याला मेंदूत घेऊन जाणारे रसायन. हे रसायन दोनपैकी एक असते: एचएमपीएओ किंवा ईसीडी. दोन्ही चरबीत विरघळतात, त्यामुळे रक्तातून मेंदूच्या पेशीत सहज शिरतात. आत गेल्यावर त्यांचे रूप बदलते आणि परत बाहेर पडता येत नाही. टोचलेल्या औषधापैकी साधारण ५ ते ६ टक्केच मेंदूत अडकते, पण तेवढे पुरते.

हे सगळे पहिल्या एक-दोन मिनिटांत घडते. कॅमेरा तासाभराने फोटो काढत असला तरी फोटो असतो तो सुई टोचली त्या दोन मिनिटांचा. आम्ही या पानावर जे जे सांगतो आहोत, शांत खोली का, खर्रा का नको, झटका येताच सुई का, त्या सगळ्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

स्कॅनच्या आधी काय खायचे, काय नाही?

एचएमपीएओ किंवा ईसीडीच्या स्कॅनला उपाशी यायची गरज नाही. उलट मे महिन्यात पहाटेच्या बसने उपाशी, तहानलेला आलेला माणूस अडचणीत येतो. शिरा आखडतात, सुई दोन-तीनदा टोचावी लागते, आणि थोडे औषध शिरेबाहेर गेले तरी फोटोत मेंदू फिका येतो. नेहमीसारखे जेवा, पाणी भरपूर प्या.

चहा, कॉफी, दारू, बिडी आणि खर्रा मात्र आदल्या रात्रीपासून बंद. खर्ऱ्यातली तंबाखू आणि चहातले कॅफिन, दोन्हींनी मेंदूच्या रक्तप्रवाहात फरक पडतो. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त खर्रा खातो’ असे बरेच जण सांगतात, आणि त्यांना खरेच तसे वाटत असते. नस, गुडाखू, तपकीर यांतही तंबाखूच असते. वर्षानुवर्षांची सवय असेल आणि सोडल्यावर जीव कासावीस होत असेल, तर लपवू नका, स्कॅन करणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला सांगा. अस्वस्थ, येरझारा घालणाऱ्या माणसाला सुई देण्यापेक्षा थोडे थांबून दिलेली बरी. सुई होऊन दहा मिनिटे गेली की चहा घेता येतो, कारण औषध तेव्हा मेंदूत बसलेले असते. खर्रा मात्र तेव्हाही नको. गालात तोबरा ठेवून टेबलावर झोपले की ठसका लागतो, डोके हलते, आणि सगळा फोटो पुन्हा काढावा लागतो.

रोजच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. मिरगीची गोळी तर अजिबातच नाही. कोणती चालू ठेवायची, कोणती थांबवायची, हे पाठवणारे डॉक्टर आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर मिळून ठरवतात.

त्या दिवशी नेमके काय होते? किती वेळ लागतो?

आधी हाताच्या शिरेत बारीक नळी बसवतात आणि मग १० ते १५ मिनिटे काहीच करत नाहीत. हे मुद्दाम. नळी टोचल्याचे दुखणे आणि भीती ओसरायला हवी. खोली शांत, उजेड मंद. पेशंट डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, कान मोकळे असतात, बोलायचे नाही. मग नळीतून औषध जाते, म्हणजे नवीन टोचणी लागत नाही. मोठ्या माणसाला साधारण २० मिलीक्युरी, म्हणजे ७४० मेगाबेकेरेल (दोन्ही औषधातला किरणोत्सार मोजायची मापे). त्यानंतरही पाच मिनिटे तसेच शांत.

इथे नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. त्या पाच मिनिटांत ‘काय झालं? दुखते का? घाबरू नको’ असे विचारू नका. माणूस ऐकतो, उत्तर देतो, आणि ऐकण्या-बोलण्याचे भाग फोटोत भरून दिसतात. फोन बंद हवा.

मग वाट पाहायची: ईसीडीला साधारण ४५ मिनिटे, एचएमपीएओला दीड तास. तेवढ्यात रक्तातले आणि चेहऱ्या-डोक्याच्या कातडीतले औषध कमी होते आणि मेंदू उठून दिसतो. कॅमेऱ्यावर जाण्याआधी लघवी करून घ्यायची, कारण २० ते ३० मिनिटे हलायचे नाही. कॅमेऱ्याची दोन डोकी डोक्याभोवती पूर्ण ३६० अंश फिरतात आणि सुमारे १२० ठिकाणांहून फोटो घेतात. ती डोक्याच्या जितकी जवळ, तितका फोटो साफ; म्हणून खांद्याला घासतील इतकी जवळ आणतात. ती अंगावर पडत नाहीत.

बायकांनी अंबाडा सोडून, पिना काढून यावे. अंबाड्यावर डोके टेकले की मान कलते, आणि कललेल्या डोक्याच्या फोटोत डावे-उजवे सारखे येत नाही. फरक आजाराचा की मानेचा, ही शंका उरते. त्या दिवशी डोक्याला तेल चोपडू नका, डोके स्थिर ठेवणारी कपाळावरची पट्टी सरकते.

एकूण तीन-चार तास धरा. धारणी, भामरागड, उमरखेड अशा लांबच्या ठिकाणाहून नागपूरला येणार असाल तर शेवटची गाडी मिळेलच असे गृहीत धरू नका.

आमच्या माणसाला एका जागी झोपवत नाही. आधीच झोपेची सुई दिली तर?

आधी दिली तर झोपेच्या औषधाखालच्या मेंदूचा फोटो येईल. टेक्नेशियमची सुई आधी, त्यानंतर किमान पाच मिनिटांनी झोपेचे औषध. क्रम हाच. लहान मुले आणि गोंधळलेली म्हातारी माणसे यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

तारीख देऊनही ऐनवेळी ‘आज होणार नाही’ असे का सांगतात?

राग येणे साहजिक आहे. गाडीभाडे, मजुरी, सोबतचा माणूस, सगळे वाया जाते. पण कारण समजून घेतले तर पुढची खेप वाचवता येते.

टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य ६ तासांचे, म्हणजे दर ६ तासांनी ते निम्मे होते. साठवून ठेवता येत नाही. ते मॉलिब्डेनम-९९ या पदार्थापासून जनरेटर नावाच्या डब्यात रोज ‘दोहून’ काढतात. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तास, म्हणून डबा साधारण आठवडाभर चालतो आणि आठवड्याच्या शेवटी दूध कमी होते. मॉलिब्डेनम जगातल्या मोजक्या अणुभट्ट्यांत तयार होते. २००९ मध्ये कॅनडातली एक जुनी अणुभट्टी बंद पडली तेव्हा जगभर टंचाई झाली होती.

दुसरे कारण किटचे, म्हणजे टेक्नेशियम ज्यात मिसळतात त्या रसायनाच्या कुपीचे. एचएमपीएओ नाजूक आहे. जनरेटर गेल्या २४ तासांत एकदा दोहलेला हवा, आणि काढलेले टेक्नेशियम दोन तासांच्या आतले हवे. स्थिर करणारे द्रव्य घातले नसेल तर तयार औषध ३० मिनिटांत वापरावे लागते. वापरण्याआधी शुद्धता तपासतात. एचएमपीएओला किमान ८० टक्के आणि ईसीडीला ९० टक्के हवी. तपासणीत नापास झालेले औषध दिले तर सुटे टेक्नेशियम लाळेच्या ग्रंथी, नाक आणि डोक्याच्या कातडीत जमते आणि मेंदू धूसर दिसतो. अशा वेळी ‘आज नाही’ म्हणणारे केंद्र तुमचे भलेच करत असते.

म्हणून निघण्याच्या आदल्या दुपारी फोन करा आणि नेमके विचारा: जनरेटर आला का? किट आहे का? माझी सुई किती वाजता? शक्यतो आठवड्याचा पहिला भाग मागून घ्या.

मिरगीसाठी ‘झटका येत असताना सुई’ असे सांगितले. हे कसे शक्य आहे?

शक्य आहे, पण भरती होऊन. गोळ्यांनी फिट थांबत नाहीत आणि ऑपरेशनचा विचार चालू आहे, अशांसाठीच हा खटाटोप. प्रत्येक मिरगीवाल्याला याची गरज नसते. आपल्याकडे फिटचे एक नेहमीचे कारण मेंदूतल्या जंताच्या गाठी हे आहे, आणि त्यांना सीटी किंवा एमआरआयच लागतो.

झटका मेंदूच्या ज्या जागेतून उठतो, तिथला रक्तप्रवाह त्या वेळी एकदम वाढतो, आणि झटका नसताना तीच जागा उलट कमी रक्त घेते. म्हणून दोन स्कॅन करतात, एक झटक्यात आणि एक झटका नसताना. कॉम्प्युटरवर एकातून दुसरा वजा करतात आणि उरलेला ठिपका त्याच माणसाच्या एमआरआयवर बसवतात.

झटका सुरू झाल्यापासून ३० सेकंदांच्या आत औषध गेले तर उत्तम. उशीर झाला तर रोग पसरतो तसा फोटोही पसरतो: झटका दुसऱ्या भागात पोचलेला असतो आणि तो दुसराच भाग दोषी दिसतो. झटका संपल्यावर गेले तर मूळ जागा थंड, म्हणजे कमी रक्ताची, दिसते. म्हणून औषध भरलेली सिरिंज शिशाच्या आवरणात खाटेशेजारीच असते, शिरेत नळी तयार असते, डोक्याला ईईजीच्या (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या) तारा आणि समोर व्हिडिओ कॅमेरा. मिरगीची गोळी डॉक्टर वॉर्डातच हळूहळू कमी करतात. घरून गोळी बंद करून यायचे नाही. वाटेत एकामागून एक झटके आले तर जीवावर बेतते.

सकाळी ९ वाजता भरलेले औषध दुपारी १२ ला ७० टक्के उरते, ३ ला निम्मे. त्यामुळे तेवढाच डोस देण्यासाठी किती मिलिलिटर ढकलायचे हे तासातासाने बदलते, आणि तो तक्ता खाटेला लावलेला असतो. औषध गेल्यावर लगेच सलाईनने नळी धुवायची, नाहीतर अर्धे औषध नळीतच राहते. रात्री औषध तयार करणारे कोणी नसते, त्यामुळे रात्रीचा झटका बहुधा हुकतो. कधी दोन दिवस, कधी चार दिवस थांबावे लागते. तेवढ्या तयारीने या.

घरच्यांनी करायचे काम मोठे आहे. आधीच्या झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ आणा: चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, सुरुवातीपासूनचा. झटक्याआधी पेशंट पोटातून काही वर येते म्हणतो का, ओठ चावतो का, कोणता हात आधी वळतो? वॉर्डात बटण दाबण्याचे काम तुमच्याकडेच असते, आणि पहिली खूण तुमच्याइतकी कोणी ओळखत नाही.

मायला विसर पडतो. स्कॅनने अल्झायमर आहे की नाही ते पक्के कळेल?

एकट्या स्कॅनने नाही. पण डॉक्टरांच्या तपासणीला जोडून बघितला तर दिशा मिळते. अल्झायमरमध्ये कानामागचा आणि वरचा, म्हणजे टेम्पोरल-पॅरायटल भाग, आणि मेंदूच्या मधल्या पटातला मागचा भाग दोन्ही बाजूंनी फिका पडतो. हालचालीचा आणि नजरेचा भाग मात्र टिकून असतो. स्वभावच बदलला, लाज-संकोच गेला, अशा फ्रंटोटेम्पोरल आजारात पुढचा भाग फिका. नसलेली माणसे दिसतात, चाल मंदावते, अशा ल्युई बॉडीच्या आजारात मागचा नजरेचा भागही फिका. लहान-लहान लकव्यांनी आलेल्या विसराळूपणात इकडे-तिकडे ठिगळे.

या कामासाठी एफडीजी पेट स्कॅन अधिक चांगला, कारण त्याचा फोटो जास्त बारीक येतो. तो रक्त नव्हे, मेंदू किती साखर खातो ते दाखवतो. त्याला मात्र ४ ते ६ तास उपाशी राहावे लागते (पाणी चालते), आणि रक्तातली साखर जास्त असेल तर रक्तातल्या साखरेची औषधाशी चढाओढ होऊन फोटो फिका येतो. मधुमेह असेल तर तारीख घेतानाच सांगा.

स्कॅनच्या आधी रक्तातले बी-१२, थायरॉइड, आणि एक साधा सीटी झालेला हवा. पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी, यांनीही विसर पडतो आणि यांवर उपचार आहे. हे न पाहता थेट महागड्या स्कॅनला पाठवणे आम्हाला पटत नाही. स्मरणशक्तीची चाचणी शाळा न शिकलेल्या बाईला ‘आजची तारीख’ विचारून होत नाही. पोळा होऊन किती दिवस झाले, कापूस वेचायला कोण आले होते, असे तिच्या जगण्यातले विचारावे लागते.

हात थरथरतो. कंपवात आहे का हे कळेल?

त्याला रक्तप्रवाहाचा नव्हे, ट्रोडॅट नावाचा स्कॅन लागतो. तोही टेक्नेशियमचाच. डोपामिन बनवणाऱ्या पेशींची टोके मेंदूच्या खोल भागात किती उरली ते त्यात दिसते. निरोगी माणसात दोन्हीकडे स्वल्पविरामासारखा आकार येतो. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, त्याची शेपटी आधी जाते आणि टिंब उरते, बहुधा एका बाजूला जास्त. सुई दिल्यावर सुमारे चार तासांनी फोटो, म्हणजे पूर्ण दिवस जातो.

पेला उचलताना हात थरथरणे, घरातल्या इतरांनाही तसेच असणे, या साध्या कंपात स्कॅन चांगला येतो. औषधांमुळे आलेल्या कंपातही चांगलाच येतो, आणि हे विसरता कामा नये. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षे घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, गॅससाठीची लेव्होसल्पिराइड, उलटीची मेटोक्लोप्रामाइड, या गोळ्यांनी हुबेहूब कंपवात येऊ शकतो. गावच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांसकट घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून आणा. कधी कधी स्कॅनची गरजच पडत नाही.

पार्किन्सन की त्याच्यासारखाच दुसरा आजार, हा फरक ट्रोडॅट सांगत नाही. दोन्हीत तो बिघडतो.

लकवा झाला की लगेच हा स्कॅन करायचा का?

नाही. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, तर १०८ ला फोन आणि सीटी असलेल्या दवाखान्यात. गुठळी विरघळवणारी सुई साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ही वेळ न्यूक्लिअर स्कॅनची नाही.

आमचा स्कॅन नंतर उपयोगी पडतो, मानेची किंवा डोक्यातली नस अरुंद झाली असेल तेव्हा. नस अरुंद असूनही मेंदू इतर वाटांनी भागवतो आहे की त्याची शिल्लक संपली, हे पाहण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड देतात: मोठ्यांना १ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि १५ ते २० मिनिटांनी टेक्नेशियम. या औषधाने निरोगी नसा फुलतात, रक्तप्रवाह वाढतो. ज्या भागाच्या नसा आधीच पूर्ण फुललेल्या, तिथे वाढ होत नाही आणि तो भाग मागे पडलेला दिसतो. औषध दिल्यावरचा स्कॅन आधी केला आणि तो चांगला आला, तर साधा स्कॅन करावाच लागत नाही. एक खेप वाचते.

ओठ-बोटांना मुंग्या, हलके गरगरणे, लघवीची घाई, हे होते आणि जाते. सल्फाच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. ताज्या लकव्यात पहिले तीन दिवस हे औषध टाळतात.

मुलाला सिकल सेल आहे. त्याचा हा स्कॅन करून ठेवावा का?

सिकलच्या मुलाला लकव्याचा धोका खरा आहे, पण त्यासाठी पहिली तपासणी ही नव्हे. २ ते १६ वर्षांच्या मुलांची डोक्याच्या नसांची डॉपलर सोनोग्राफी वर्षातून एकदा करतात. तिला सुई नाही, किरण नाहीत. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला तर नियमित रक्त देण्याचा विचार होतो. आधी ती करून घ्या.

किरणोत्साराचा धोका किती? घरात लहान बाळ आहे.

२० मिलीक्युरीच्या स्कॅनमध्ये शरीराला साधारण ६ ते ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेले किरण मोजायचे माप) मिळतात. माती, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला मिळणारे सरासरी २.४ धरले, तर हे दोन-तीन वर्षांइतके. कारण असेल तर करावा, उगाच करू नये.

२४ तासांत चार अर्धायुष्ये संपतात, म्हणजे सोळावा हिस्सा उरतो, आणि लघवीतून जाते ते वेगळे. त्या दिवशी पाणी भरपूर प्या, आणि बाळाला तासन् तास मांडीवर घेऊन बसू नका. गर्भ असेल किंवा पाळी चुकली असेल तर सुईच्या आधी सांगा. सासू-नवऱ्यासमोर सांगता येत नसेल तर टेक्नॉलॉजिस्टला एकटीने भेटायचे आहे म्हणा. अंगावर पाजत असाल तर दूध आधी काढून ठेवा. २४ तासांपर्यंत अंगावरचे थांबवायला सांगू शकतात.

रिपोर्टमधल्या फोटोत निळा भाग दिसतो. तो मेंदू मेला का?

नाही. रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात. रंगांची पट्टी थोडी सरकवली की तोच भाग निळ्याचा हिरवा होतो. प्रिंट पाहून घरी निदान करू नका, शेजाऱ्याच्या प्रिंटशी तुलना तर नकोच. पुढच्या डॉक्टरांसाठी डायकॉम फाइलची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मूळ फोटोंची, सीडी मागून घ्या. त्यावरून ते रंग काढून, काप फिरवून, एमआरआयवर ठेवून पाहू शकतात. नुसत्या कागदावरून ते जमत नाही.

सोबत काय आणायचे?

जुना एमआरआय किंवा सीटी, फक्त रिपोर्ट नव्हे, सीडी आणि फिल्मसुद्धा. ईईजी. सगळ्या गोळ्यांची पाकिटे. डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात ‘मेंदूचा स्कॅन’ एवढेच न लिहिता प्रश्न लिहिलेला हवा: अल्झायमर की फ्रंटोटेम्पोरल, झटका कुठून उठतो, नसेची शिल्लक किती. प्रश्न माहीत नसेल तर औषध कोणते वापरायचे हेच ठरत नाही. पेशंट उजव्या हाताने काम करतो की डाव्या, तेही लिहून आणा. रेशनकार्ड, आधार आणि सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर ते घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या माणसाला) तारीख घेण्याआधीच भेटा. स्कॅन झाल्यावर मंजुरी मागायला गेले की बहुधा उशीर झालेला असतो. आणि पेशंटला सांभाळणारा माणूस आणा, गाडी चालवणारा नव्हे. रात्री झोपेत पेशंट ओरडतो का, चुलीवर दूध कधीपासून उतू जाऊ लागले, हे त्यालाच ठाऊक असते.